आखाती युद्धातील सैनिकांचा थकवा : निदान, पुरावा आणि मान्यता

प्रस्तावना :
अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांना जाणवणारी धडधड, धाप व थकवा यांचे वर्णन डॉ. जेकब मेंडेस डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये केले. पहिल्या महायुद्धात अशाच लक्षणांना 'सैनिकाचे हृदय' हे नाव रूढ झाले. नावे बदलली, परंतु तपासणीत दोष न आढळल्यास रुग्णाच्या कथनावरच शंका घेण्याची वृत्ती टिकून राहिली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला.

कारणांचा शोध :
या युद्धात अमेरिकेचे सुमारे सात लाख सैनिक सहभागी झाले होते. परतल्यानंतर त्यांपैकी अनेकांना सततचा थकवा, सांधेदुखी व विस्मरण यांनी ग्रासले. विषारी वायूपासून संरक्षण म्हणून दिलेल्या पायरिडोस्टिग्माइन ब्रोमाइडच्या गोळ्या, कीटकनाशके व तेलविहिरींचा धूर यांवर संशय व्यक्त झाला. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खामिसिया येथे अमेरिकन सैन्याने नष्ट केलेल्या शस्त्रसाठ्यात सरीन हा विषारी वायू होता, हे संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केले. कोणी किती गोळ्या घेतल्या, याच्या व्यवस्थित नोंदी नव्हत्या. परिणामी, नोंदी ठेवणे ज्या यंत्रणेचे काम होते तिच्या उणिवेचा भार आजारी सैनिकावर पडला.

मान्यतेची वाटचाल :
अमेरिकन काँग्रेसने १९९४ मध्ये कायदा करून निदान न झालेल्या आजारांसाठीही भरपाईची तरतूद केली. मात्र पुढे अध्यक्षीय सल्लागार समितीने मानसिक ताणावर भर दिला. २००८ मध्ये संशोधन सल्लागार समितीने हा आजार वास्तव असल्याचे नमूद करून उपरोक्त गोळ्या व कीटकनाशके यांच्याशी त्याचा कार्यकारणसंबंध जोडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मर्यादित अभ्यासात आजारी सैनिकांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या दाहदर्शक घटकाचे प्रमाण निरोगी सहसैनिकांपेक्षा अधिक आढळले. रोगप्रतिकारक यंत्रणेतील दीर्घकालीन दाहाकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले. तथापि हा घटक अन्य अनेक विकारांतही वाढत असल्याने केवळ त्यावरून निदान करता येत नाही.

निष्कर्ष :
दाहाचा हा पुरावा १९९४ च्या कायद्यानंतर बावीस वर्षांनी पुढे आला. तोपर्यंत भरपाई रोखून धरली असती, तर विज्ञानाच्या अपूर्णतेची किंमत रुग्णांनाच मोजावी लागली असती. निदानाचा अभाव म्हणजे आजाराचा अभाव नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.