भांडण लावणारा शिंपला

आमच्या घराण्यात शिंपल्याचा विषय निघाला की तो तिसऱ्यांच्या सुक्क्यापाशीच थांबतो. पण आजचा शिंपला खाण्याचा नव्हे, भांडणाचा.

ट्रायगोनिया. त्रिकोणी आकार, पाठीवर जाड कंगोरे नाहीतर गाठी, आणि दोन शिंपा जोडणाऱ्या बिजागरीत खाचाखाचांचे दणकट दात. डायनोसॉरच्या काळात हे जगभरच्या उथळ समुद्रांत मुबलक होते. त्यानंतरच्या, म्हणजे टर्शरी काळाच्या थरांत मात्र युरोपात एकही सापडेना. संपला वंश, असंच सगळे धरून चालले होते.

आणि १८०२ मध्ये बोदँच्या फ्रेंच मोहिमेवरच्या पेराँला टास्मानियाकडे एक मिळाला. दगड झालेला नव्हे, या काळातला! पॅरिसमध्ये लामार्कने १८०४ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्या तर हे पथ्यावरच पडलं. प्राणी सहसा नष्ट होत नाहीत, ते बदलत जातात किंवा कुठल्यातरी न धुंडाळलेल्या समुद्रात दडलेले असतात, असं त्याचं मत.

आता गंमत बघा. तोच शिंपला अगासीने १८४० मध्ये उलट बाजूने उभा केला. मधल्या टर्शरी थरांत एकही ट्रायगोनिया नाही, मग जुन्यांचं आणि आजच्याचं नातं कसलं? दोन्ही वेगवेगळे निर्माण झाले, झालं! (त्याच वर्षी आपल्या कच्छमधल्या एका ट्रायगोनियाला सोवर्बीने लंडनमध्ये नाव दिलं, स्मीई.)

डार्विनलाही १८५९ च्या ग्रंथात हा शिंपला लागलाच. प्राण्यांचा अख्खा गट सहसा एकदम नाहीसा होत नाही, कुठेतरी एखादा वारस तग धरून राहतो, हे सांगायला. पण मधली कोट्यवधी वर्षं रिकामी ती रिकामीच. मला वाटतं, इतक्या मोठ्या खिंडारासमोर आपलं म्हणणं न सोडायला धीर लागतो. आणि अगासी काही मूर्ख नव्हता. हाती होतं त्यावरून तो बोलत होता. फक्त हाती होतं ते बरंचसं युरोपातलं.

१८६५ मध्ये टर्शरी ट्रायगोनिया जाहीर झाला. कुठला? ऑस्ट्रेलियातला! जिथे वारस जिवंत होता तिथेच पूर्वजही निघाले. वाद त्याने मिटला नाही, पण अगासीचा तो मुद्दा गेला.

आज या कुळातल्या मोजक्याच जाती उरल्या आहेत, सगळ्या ऑस्ट्रेलियाभोवती. शिंपल्याची आतली बाजू मोत्यासारखी चमकते, म्हणून तिथले लोक त्याचे दागिने करत आणि त्याला ब्रोच शेल म्हणत.