नामिब वाळवंट : अजैविक घटक व जीवसृष्टी

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचे, मुख्यतः नामिबियात पसरलेले अतिशुष्क वाळवंट. किनाऱ्यावर वर्षाकाठी सरासरी २० मिमी.हूनही कमी पाऊस पडतो; जीवसृष्टीचा खरा आधार धुके हा आहे. अटलांटिकमधील थंड बेंग्वेला प्रवाहामुळे समुद्रावरची हवा गारठते. ही जड हवा वर चढत नाही, म्हणून पाऊस होत नाही. मात्र तिच्यातील बाष्पाचे धुके बनून वाऱ्याबरोबर कित्येक किमी. आत शिरते.

ऑनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस हा काळा भुंगेरा अशा वेळी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि डोके खाली, पार्श्वभाग उंच करून वाऱ्यासमोर उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडाशी येतात. पाण्यासाठी इतकी नेमकी शरीरस्थिती प्राणिसृष्टीत विरळाच.

वारा अन्नही पुरवतो : वाळलेल्या गवताचा चुरा टेकड्यांच्या आडोशाला साचतो व त्यावर कीटक जगतात. उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग ६०° से.पेक्षा अधिक तापतो, पण थोड्याच खोलीवर ती बरीच थंड असते. त्यामुळे अनेक प्राणी दिवसा वाळूत शिरतात. खडकाळ मैदानांवरील वेल्विट्शिया ही वनस्पती आयुष्यभर वाढत राहणाऱ्या दोनच पानांवर शेकडो वर्षे तग धरते.