मुंबईचा विजेता, लंडनचा अनोळखी : हाशिम खान

१/ लंडन, १९५१. ब्रिटिश ओपन म्हणजे त्या काळी स्क्वॉशची जणू जागतिक स्पर्धाच. अंतिम सामन्यात एका बाजूला सलग चार वर्षे विजेता ठरलेला इजिप्तचा महमूद करीम, दुसऱ्या बाजूला पेशावरकडचा एक ठेंगणा, टक्कल पडू लागलेला, तिशी केव्हाच ओलांडलेला अनोळखी खेळाडू. निकाल : ९-५, ९-०, ९-०. करीम हरला होता.

२/ हाशिमचे गाव पेशावरजवळचे नवाकिले. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात मुख्य कारभारी. तिथल्या कोर्टांना छप्पर नव्हते. भिंतीपलीकडे गेलेले चेंडू आणून देणे हे या मुलाचे काम. साहेब लोक निघून गेले की रिकामे कोर्ट त्याचे. खेळायचा अनवाणी.

३/ आता मुंबईकडे येऊ. १९४२ मध्ये हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा प्रशिक्षक झालेला हाशिम १९४४ साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. पुढची दोन वर्षेही तोच विजेता. तिथे त्याने अनेकदा हरवलेला एक प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचाच दूरचा नातलग, अब्दुल बारी.

४/ मग फाळणी झाली. हाशिम पेशावरला, म्हणजे पाकिस्तानात. बारीने मात्र भारतात राहणे पसंत केले. १९५० मध्ये भारताने बारीला ब्रिटिश ओपनला धाडले आणि तो थेट अंतिम फेरीत पोहोचला. करीमकडून हरला, तरी उपविजेता ठरला. ही वार्ता पेशावरला पोहोचल्यावर हाशिमच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही : ज्याला आपण मुंबईत हरवत होतो, तो जगात दुसरा!

५/ हाशिमने खटपट केली, पाकिस्तानी हवाई दल पाठीशी उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी तो लंडनला गेला. माझ्या मते बारी त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नसता, तर हाशिमला कुणी पाठवलेच नसते. स्क्वॉशच्या इतिहासात बारीला जेमतेम एक ओळ मिळते, हे मला अन्यायाचे वाटते.

६/ पुढचे सर्वश्रुत आहे. १९५१ ते १९५६ सलग सहा विजेतेपदे. १९५७ मध्ये नात्यातल्याच रोशन खानकडून पराभव. १९५८ मध्ये सातवे आणि अखेरचे विजेतेपद, तेही धाकटा भाऊ आझम याला हरवून. पुढे दहा वेळा ही स्पर्धा जिंकणारा जहांगीर खान हा त्याच रोशनचा मुलगा.

७/ हाशिम नंतर अमेरिकेत स्थायिक झाला, आधी डेट्रॉइट, मग डेन्व्हर. तिथल्या क्लबात तो उतारवयापर्यंत शिकवत राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये कोलोरॅडोत त्याचे निधन झाले. जन्माची पक्की नोंद कधीच नव्हती. घरच्यांच्या हिशेबाने वय शंभर.