हरलेला खटला, टिकलेला विचार : र. धों. कर्वे यांचा वारसा

1/ पवनीच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की 1954 ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक आठवते. तीत ते पराभूत झाले. त्याआधी वीस वर्षे, 1934 साली, मुंबईच्या न्यायालयात ते आणखी एक लढत हरले होते. त्यांचे अशील होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि आरोप होता अश्लीलतेचा. आजचा थ्रेड या वादग्रस्त अभ्यासकाविषयी.

2/ रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले पुत्र. जन्म 14 जानेवारी 1882. ते अवघे नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात दगावल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसलाही शिकून आले. परंतु ज्या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर धरून ठेवले, तो होता स्त्रीच्या देहावर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांचा.

3/ 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. 1923 मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले. हा प्रचार विल्सन कॉलेजच्या चालकांना रुचला नाही आणि 1925 साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यानंतर संसाराचा मोठा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. या दांपत्याने स्वतः अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता.

4/ जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. इतर नियतकालिके ज्या विषयांना स्पर्श करीत नसत, ते येथे उघडपणे चर्चिले जात : गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, संततिनियमन, स्त्रीचे कामसुख. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे असत. त्यामुळे मासिक न वाचताच त्यावर तुटून पडणारेही पुष्कळ होते.

5/ मासिकाचा प्राण होता वाचकांचा पत्रव्यवहार. जे प्रश्न घरात विचारता येत नसत आणि डॉक्टरांपुढेही ओठांवर येत नसत, ते टपालाने कर्व्यांकडे येत. उत्तरे थोडक्यात, निर्भीड आणि बहुधा खोचक. ब्रह्मचर्याने शक्ती वाढते आणि वीर्यनाशाने माणूस खंगतो, या समजुतींची ते निर्दयपणे चिकित्सा करीत.

6/ 1931 साली व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 चा खटला हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून उभा राहिला. बाबासाहेबांचा मुद्दा असा, की लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. लोकांच्या शंकांत कुणाला विकृती दिसत असेल, तर तिच्यावरही उपाय ज्ञानाचाच. न्यायालयाने हे मानले नाही. दंड झाला 200 रुपये.

7/ विरोध केवळ सनातन्यांचा होता असे समजू नये. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आपल्या विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना गांधीजींनी तेथेही संमती दिली नाही. त्यांचा भर आत्मसंयमावर होता. कर्व्यांना नेमके हेच अमान्य होते. देशातील सर्वांत मोठ्या नैतिक अधिकाराशी हा मतभेद होता, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्व्यांचे एकाकीपण उमगते.

8/ मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ‘समाजस्वास्थ्या’ला पत्रे लिहिणारे बहुतांशी सुशिक्षित पुरुष होते. ज्या स्त्रियांच्या मुक्ततेसाठी हा खटाटोप चालला होता, त्यांचा स्वर त्या पानांत क्षीणच ऐकू येतो. शिवाय स्टोप्स आणि सँगर ज्या जागतिक चळवळीच्या अग्रभागी होत्या, तिच्यावर कोणी प्रजा वाढवावी व कोणी वाढवू नये हे ठरवू पाहणाऱ्या सुप्रजननवादाचा डाग आहे.

9/ 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे निवर्तले. मासिकही त्याच वर्षी थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1952 मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. मात्र कर्व्यांचा भर व्यक्तीच्या स्वतःच्या निर्णयावर होता. सरकारला आकड्यांची घाई झाली. आणीबाणीच्या काळात, 1976–77 या एका वर्षात, देशभर 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक बळजबरीने. साधन तेच राहिले, पण त्यामागचे स्वातंत्र्य हरवले.

10/ न्यायालयातील मुद्द्याचे पुढे काय झाले? 1969 साली भारतीय दंड संहितेच्या कलम 292 मध्ये दुरुस्ती झाली. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितार्थ, लोकहितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ज्या दोन गोष्टींसाठी कर्वे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, त्या दोहोंकडे कायदा उशिरा का होईना, वळला.

11/ समाज वळला का? 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. हरकती जवळपास त्याच होत्या, ज्या कर्व्यांनी आठ दशके आधी ऐकल्या होत्या. मित्रहो, कर्व्यांचे प्रत्येक मत आज स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांनीही ते मागितले नसते. परंतु प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळालेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र अद्याप आपल्याकडून पुरा व्हायचा आहे.