घरगुती स्फटिकनिर्मिती

घरगुती स्फटिकनिर्मिती म्हणजे तुरटी, मीठ, साखर, मोरचूद यांसारख्या सहज मिळणाऱ्या पदार्थांच्या संपृक्त द्रावणातून घरी किंवा शाळेत स्फटिक वाढवण्याची क्रिया होय. विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्प आणि कुटुंबातील हस्तकला या दोन्ही अंगांनी हा छंद जोपासला जातो.

शास्त्रीय आधार

ठरावीक तापमानाला पाण्यात एखादा पदार्थ ठरावीक मर्यादेपर्यंतच विरघळतो. ही मर्यादा गाठलेल्या द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. द्रावण थंड झाले किंवा त्यातील पाणी उडून गेले, की जास्तीचा पदार्थ बाहेर पडतो. ही क्रिया सावकाश झाल्यास कण नियमित रचनेत एकमेकांना जोडले जातात व मोठे स्फटिक तयार होतात. घाईने झाल्यास बारीक चुरा मिळतो.

१०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ११ ते १२ ग्रॅम, तर ५० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम तुरटी विरघळते. त्यामुळे द्रावण थंड करताच तुरटीचे स्फटिक मिळतात. मिठाची विद्राव्यता मात्र तापमानानुसार फारशी बदलत नाही. म्हणून मिठासाठी बाष्पीभवनच उपयोगी पडते. कोकणातील मिठागरे याच तत्त्वावर चालतात. दोऱ्यावर वाढवलेली खडीसाखर हे साखरेच्या स्फटिकांचे परिचित उदाहरण आहे.

मिठाचे स्फटिक घनाकृती, तुरटीचे अष्टफलकी, तर मोरचुदाचे निळे व तिरकस कडांचे असतात.

कृती

नवशिक्यांसाठी तुरटी सर्वांत सोयीची मानली जाते. पाणी शुद्ध करण्यासाठी विकली जाणारी काही तुरटी केवळ ॲल्युमिनियम सल्फेट असते. तिचे चांगले स्फटिक मिळत नाहीत. पोटॅशियमयुक्त पारदर्शक तुरटी निवडावी लागते.

१. २०० मिलिलिटर गरम पाण्यात ५० ते ६० ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून द्रावण गाळून घेतात व रात्रभर न हलवता ठेवतात.
२. तळाशी जमलेल्या स्फटिकांपैकी एक रेखीव स्फटिक बीजस्फटिक म्हणून निवडतात.
३. उरलेल्या द्रावणात थोडी तुरटी घालून ते गरम करतात, पुन्हा गाळतात व पूर्ण थंड होऊ देतात. कोमट द्रावणात बीजस्फटिक विरघळून जातो.
४. बारीक नायलॉन दोऱ्याला बांधलेला बीजस्फटिक द्रावणात मधोमध टांगतात. सुती दोऱ्याच्या तंतूंवर नको तेथे स्फटिक जमतात.
५. भांड्यावर कागद झाकतात, म्हणजे धूळ पडत नाही व पाणी हळूहळू उडते. काही आठवड्यांत स्फटिक एक-दोन सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो.

हवामानाचा परिणाम

जळगाव, असोदा व धुळे या खानदेशातील भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. सकाळी संपृक्त असलेले द्रावण दुपारी तापले, की असंपृक्त होते आणि आदल्या रात्री वाढलेला स्फटिक झिजू लागतो. भांडे पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवून ते आतल्या खोलीत ठेवल्यास हा चढउतार कमी होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे बाष्पीभवन मंदावते. या दृष्टीने हिवाळा अधिक अनुकूल ठरतो.

खबरदारी

मोरचूद विषारी आहे. बोर्डो मिश्रणासाठी ते वापरले जात असल्याने शेतकरी कुटुंबांत सहज आढळते व त्याचा आकर्षक निळा रंग लहान मुलांना खडीसाखरेसारखा भासू शकतो. त्याचा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यांत करावा. मोरचूद जलचरांना घातक असल्याने उरलेले द्रावण विहिरीत, ओढ्यात किंवा गटारात ओतू नये.

निसर्गातील स्फटिक

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून स्टिल्बाइटसारखी झिओलाइट खनिजे व ॲपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले. जळगाव परिसरातील दगडखाणींतून मिळणारे असे नमुने जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात या प्रकारची खनिजे पाहता येतात. द्रावणातून कणाकणाने स्फटिक वाढतो, हे तत्त्व खडकातील पोकळीत आणि घरातील भांड्यात सारखेच असते.

हे सुद्धा पहा

तुरटी, मोरचूद, झिओलाइट, संपृक्त द्रावण