चेकसम पडताळणी, हार्डवेअरमधील
ईथरनेट नेटवर्क कार्डाने आलेल्या पॅकेटचा चेकसम स्वतः मोजून प्रोसेसरचा भार हलका करण्याची सोय. आयपी, टीसीपी व यूडीपी यांचा चेकसम १६ बिटी शब्दांच्या बेरजेवर आधारलेला असतो. हातचा पुन्हा बेरजेतच मिळवतात. उदा., ६५,५३४ + ३ = ६५,५३७; यातून ६५,५३६ चा हातचा काढून १ मिळवला, की उत्तर २. या बेरजेचा बिट-पूरक म्हणजे चेकसम.

लिनक्समध्ये ड्रायव्हर कार्डाचा निष्कर्ष पॅकेटच्या ‘आयपी_सम्ड’ या रकान्यात नोंदवतो. ‘नन’ म्हणजे पडताळणी झालेली नाही. ‘अननेसेसरी’ म्हणजे कार्डाने चेकसम बरोबर ठरवला. ‘कम्प्लीट’ म्हणजे कार्डाने पूर्ण बेरीज दिली, निर्णय कर्नेलचा. चेकसम चुकीचा आढळल्यास ड्रायव्हरने पॅकेट टाकून न देता ‘नन’ नोंदवावे. कर्नेल फेरतपासणी करून चूक मोजतो.

ईथरनेट फ्रेम किमान ६४ बाइटांची असते. लहान पॅकेटामागे भरणीचे बाइट येतात. ते शून्य नसतील आणि बेरजेत चुकीच्या रीतीने हाताळले गेले, तर निर्दोष पॅकेटही सदोष ठरते. याउलट, खात्री नसताना ‘अननेसेसरी’ नोंदवणे अधिक घातक, कारण बिघडलेली माहिती थेट वापरकर्त्याच्या फाइलीत पोहोचते.