कर्वे रोडवरचा आत्मविश्वास

'बर्नआउट' हा शब्द आमच्या आयटीत आता 'डेडलाइन'इतकाच रुळलाय. त्यावर कंपन्यांचा उपायही ठरलेला. ट्रेनर बोलवायचा, दोन तास 'स्वतःवर विश्वास ठेवा' ऐकवायचं, मग चहा-सामोसा. सोमवारी परत तोच क्लायंट कॉल!

म्हणून म्हटलं या वीकांताला जरा इतिहासात डोकावू.

बर्नआउट हा शब्द मानसशास्त्रात रुजवला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, 1974 मध्ये. पुढे 1981 मध्ये क्रिस्तिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी: थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि 'आपल्या हातून काहीच होत नाही' ही भावना. ही तिसरी भावना आत्मविश्वासाशी जोडलेली आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये सांगितलं की हा विश्वास सरसकट नसतो, तो त्या त्या कामापुरता असतो. आणि तो सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष काम जमल्याने. भाषणाचा नंबर त्यानंतर लागतो.

आता पुण्यात या. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो ते धोंडो केशव कर्वे. 1891 मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. टिळक आदल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. 1893 मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने, म्हणजे मुरूडने, बहिष्कार घातला. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला (आजचं कर्वेनगर!). रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली, तिथे झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात गणित आणि मग चारेक मैल पायी हिंगणे. अशी वर्षं काढली त्यांनी. आजच्या भाषेत फुल टाइम जॉब अधिक एक स्टार्टअप, तेही फंडिंगशिवाय.

गंमत म्हणजे हा माणूस स्वभावाने कमालीचा लाजरा. आमच्या ट्रेनरने त्यांना पहिल्या पाच मिनिटांत 'लो कॉन्फिडन्स' ठरवलं असतं. पण पोरवयात सार्वजनिक परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते. शंभराहून जास्त मैल, तेही पावसात. तिथे 'वय लहान दिसतं' म्हणून बसूच दिलं नाही! पुढे कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. मला वाटतं त्यांचा विश्वास असा होता. 'मी थोर आहे' असा नव्हे, तर 'हे एवढं मला जमतं, आता पुढचं करून बघू' असा. आधी आश्रम, 1907 मध्ये महिला विद्यालय, 1916 मध्ये थेट महिला विद्यापीठ. वयाच्या 78व्या वर्षी, 1936 मध्ये, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. 1958 मध्ये भारतरत्न, 1962 मध्ये वयाच्या 104व्या वर्षी निधन.

म्हणजे ट्रेनरच बरोबर? थांबा जरा.

त्याच कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले होते. विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? शिकवणं, सार्वजनिक सभा, मग कायदेमंडळ, 1905 मध्ये भारत सेवक समाज. मधुमेह होता, काम मात्र थांबलं नाही. 1915 मध्ये गेले तेव्हा वय 48. आगरकर प्राचार्य असताना 1895 मध्ये दम्याच्या आजारात गेले, चाळिशीही गाठली नाही. या दोघांना आज 'बर्नआउट' चिकटवणं चुकीचं ठरेल. पण एवढं दिसतं की विश्वासाने कामाचा बोजा हलका होत नाही, शरीराचा हिशोबही चुकत नाही.

आणि कर्वे तरी एकटे कुठे होते? बायाच्या, म्हणजे गोदूबाईंच्या, बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. कर्व्यांनी स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा घराची काळजी बायावर पडली. त्यांचं 'माझे पुराण' वाचा, एका माणसाच्या ध्येयाचं बिल घरात कोण भरतं ते कळतं. कर्वे टिकले त्यात स्वतःवरच्या विश्वासाइतकाच या दोघी बहिणींचा वाटा आहे.

म्हणून मॅनेजर लोकांना एक नम्र विनंती. दमलेल्या माणसाला आत्मविश्वासाचा डोस पाजण्याआधी दोन गोष्टी बघा. त्याच्या हातून एखादं काम पूर्ण होऊ देताय का, की अर्ध्यातच दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकताय? आणि त्याच्या वाटचं ओझं उचलायला दुसरं कोणी आहे का? या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो दोन तासांचा हॉल बुक करू नका. त्यापेक्षा पोरांना लवकर घरी सोडा, कर्वे रोडला तसाही तासभर लागतो!